न विसळलेला पेला

आमच्या घरात एका बाटलीला दोन नावं होती. सासूबाई तिला औषध म्हणायच्या आणि मी विष. बाटली रोपवाटिकेच्या दारामागच्या फळीवर, सासऱ्यांच्या जुन्या बनियनने झाकलेली असायची. लेबलावर एका बाजूला तुकतुकीत टोमॅटो आणि दुसऱ्या बाजूला कवटी. आई बाटलीकडे टोमॅटोच्या बाजूने बघायच्या, मी कवटीच्या.

रोपवाटिका म्हणजे पाइप वाकवून त्यांवर दुधी प्लास्टिक ताणलेली एक लांबट खोली. ती आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारातच सुरू होते. आत दोन्ही बाजूंना मांडण्या, मांडण्यांवर खळग्यांचे काळे ट्रे आणि ट्रेंमध्ये टोमॅटो, मिरची, वांगी यांची बोटभर रोपं. आई बावीस वर्षं रोपं विकतायत. त्यांचं एकच दुखणं होतं. बी छान उगवायचं, दोन पानं उघडायची, आणि आठव्या-दहाव्या दिवशी सकाळी बघावं तर रोप मातीलगत सुतासारखं बारीक होऊन आडवं झालेलं. मातीतली बुरशी. आज एक, उद्या दहा, परवा अख्खा ट्रे. आई म्हणायच्या, "मान टाकली गं मेल्यांनी." मग बनियन बाजूला व्हायची, आणि पुढचे दोन दिवस स्वयंपाकघरात तो वास.

आमची ठकी अकरा महिन्यांची आहे. ती रांगते म्हणणं म्हणजे तिला कमी लेखणं आहे, ती सुटते. आणि जे हाताला लागेल ते तोंडात. मी एक वही ठेवली आहे. तिचं दूध, झोप, ताप, शी आणि तोंडात गेलेल्या वस्तू. पाचवा रकाना सगळ्यात लवकर भरतो. चपलेचा पट्टा, खडू, आजोबांचा चष्मा, मेलेली माशी (खात्री नाही).

त्या दिवशी फवारणी झालेली होती आणि मी गॅसपाशी वळले होते, फक्त वळले होते. परत बघते तर ठकी रोपवाटिकेत, मूठभर माती तोंडात, आणि चेहऱ्यावर समाधान. मी तिच्या तोंडात बोटं घातली, तिने ती चावली. डॉक्टरांनी तिला उलटंसुलटं तपासलं आणि म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. पण पुन्हा होऊ देऊ नका. आणि तुम्ही जरा झोपत जा."

घरी आल्यावर मी आईंना ठणकावून सांगणार होते की या घरात एक तर ती बाटली राहील नाही तर आम्ही. प्रत्यक्षात मी म्हणाले, "आई, जरा बोलायचं होतं, तुम्हाला वेळ असेल तेव्हा."

"मला वेळ नसतो. बोल."

सुदैवाने नणंद आलेली होती. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करतात. माझं अर्धं रडणं ऐकून त्याच म्हणाल्या, "आई, मी दोन वर्षं कानीकपाळी ओरडतेय. औषध सोड, जिवाणू वापर."

मी डोळे पुसायची थांबले. "म्हणजे जंतू?"

"जंतू नाही गं. जिवाणू."

"फरक काय?"

"तुला आवडत नाहीत ते जंतू."

मग त्यांनी समजावून सांगितलं. काही जिवाणू मातीत राहतात, रोपाच्या मुळांवर वस्ती करतात आणि बुरशीला तिथे थारा देत नाहीत. तिचं खाणं पळवतात, तिला नकोसे पदार्थ सोडतात. फक्त त्यांनी आधी पोचायला हवं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, कोपऱ्यात चहा पीत होते. त्यांनी तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली आहेत. "समजलं," ते म्हणाले. "रुमाल टाकून जागा धरायची. बुरशी चढते तोवर सगळ्या सीटांवर रुमाल."

"अगदी!" ताई म्हणाल्या.

"आणि बुरशी दांडगी निघाली, रुमाल उचलून फेकला तर?" आईंनी विचारलं.

"म्हणून तर एक-दोन नाही सोडायचे. एका चमच्यात कोट्यवधी असतात."

हा आकडा मला सांगायला नको होता.

 आईंनी अट घातली. एका गिऱ्हाइकाने वीस ट्रे टोमॅटो सांगितले होते. जुनं, चोखंदळ गिऱ्हाईक. त्या खेपेला औषधाचा थेंब नाही, फक्त ताईंचे जिवाणू. "रोपं उभी राहिली तर ही बाटली मी माझ्या हाताने घराबाहेर काढीन. मान टाकली, तर फवारणी पहिल्यासारखी, आणि पुन्हा या विषयावर कोणी माझं डोकं खायचं नाही." शेवटचं वाक्य दोघींना होतं, पण बघत माझ्याकडे होत्या.

दोन दिवसांनी ताई निळं पिंप घेऊन आल्या. त्यात पाणी, उसाची मळी आणि कॅनभर जिवाणू. पिंप रोपवाटिकेत, आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यातून आंबूस वास यायला लागला, तिसऱ्या दिवशी बुडबुडे. ताई आनंदाने म्हणाल्या, "वाढतायत!" मी ठकीला कडेवर घट्ट धरून उभी होते. विष घालवायला म्हणून मीच गळा काढला होता आणि आता भिंतीपलीकडे बुडबुडे सोडणारी कोट्यवधींची वस्ती होती. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच असावं.

"ताई, हे माणसांना काही..."

"नाही करत. हात धुवायचे, पिंपात तोंड घालायचं नाही. बस."

"ठकी तोंडच घालते हो, ताई."

"मग पिंपाला झाकण लाव, वहिनी. ठकीला नको."

काम सोपं होतं. आईंनी रोज सकाळी पिंपातलं पातळ केलेलं पाणी झारीने ट्रेंना घालायचं, बारा दिवस. झारी पत्र्याची, आईंच्या लग्नाच्या वयाची, वरून अर्धी बंद, त्यामुळे कितीही उलटी करा, पोटात पेलाभर पाणी राहतंच. वापरून झाली की आई ती स्वयंपाकघराच्या मोरीत ठेवतात. तिथेच ठकीच्या दुधाच्या बाटल्या असतात. आणि पेरणीच्या दुसऱ्याच दिवशी मी बघितलं की ठकीने झारीचं भोकाभोकांचं तोंड आपल्या तोंडात घेतलं आहे आणि डोळे मिटून चोखते आहे.

आता सांगा, कोणती आई काय करेल?

मी कोणाला बोलले नाही. ताईंना वाईट वाटलं असतं आणि आईंना आनंद झाला असता. मी गुपचूप एक सोय केली. ठकीच्या बाटल्या निर्जंतुक करायचं पाणी असतं ना, एक टोपण बादलीभर पाण्यात? बाबा त्याला ऑपरेशनचं पाणी म्हणतात. मी रोज संध्याकाळी तेच झारीत भरून ठेवायला लागले. भिजवल्यावर पुन्हा विसळू नये, असं त्या द्रावणाच्या बाटलीवर ठळक लिहिलेलं आहे. मी सूचना पाळणारी बाई आहे. सकाळी झारी उलटी करायची, झटकायची आणि जागेवर ठेवायची. मला फार हलकं वाटायचं. दोन्हीकडची व्यवस्था आपण किती शहाणपणाने लावली, असं.

नवव्या दिवशी आईंची हाक आली. "या सगळे. बघा तमाशा."

पुढच्या ट्रेमधली सतरा रोपं आडवी होती. दुसऱ्या दिवशी मधल्या मांडणीवर मोजणं सोडून दिलं. ताई अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या, गुडघ्यावर बसल्या, एक रोप उपटून भिंगाखाली धरलं. त्यांचा चेहरा बघून मीच दुसरीकडे बघितलं.

"काय गं," आई म्हणाल्या, "तुझे प्रवासी चढलेच नाहीत वाटतं."

"गाडी चुकली असेल," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

"आई, हे आमच्याकडे चालतं. शंभर वेळा करून बघितलंय."

"मग तुमच्याकडेच लाव ना टोमॅटो. गिऱ्हाइकाला म्हणते, तिकडे जा."

 एरवी आई एक म्हणाल्या तर ताई चार म्हणतात. आज त्या नुसत्या भिंगाच्या काचेवरून बोट फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पाणी पातळ करताना माझंच काही चुकलं असेल." आईंनी बनियन बाजूला केली, बाटली खाली घेतली आणि टेबलावर ठेवली. उद्या सकाळी फवारणी. कवटी माझ्या बाजूला होती.

दुपारी ठकी पुन्हा सुटली. मी मागे धावले. ती मांडणीखालून सरपटत अगदी मागच्या भिंतीपाशी गेली. तिथे रिकाम्या कुंड्यांच्या चवडीमागे जमिनीलगत सहा ट्रे असतात. तिला ओढायला मी पोटावर आडवी झाले आणि तशीच राहिले. त्या सहा ट्रेंमधलं एकूण एक रोप उभं होतं. ताठ, पानं पसरून, जणू हजेरी चालू आहे.

तेच बी, तीच माती, तेच पिंप. मी विचार करत होते तेवढ्यात पाठीमागे चपला वाजल्या. बाबा. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, खाली बघितलं नाही. पिंपाचं झाकण सरकवून त्यांनी आपला पेला आत बुडवला आणि तो भरून माझ्याच दिशेने आले.

या पेल्याविषयी सांगायला हवं. तो अॅल्युमिनियमचा, मोठा, बाबांच्या नोकरीतला. अकरा वर्षांत त्याला साबण लागलेला नाही. विसळला की चहा परका लागतो, असं त्यांचं म्हणणं. आत तपकिरी थर आहे, त्याला झाडासारखी वर्तुळं असतील. मी दोनदा तो घासायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं. आणि आता तो पेला त्या पिंपात!

"बाबा!" मी जमिनीवरून म्हणाले.

ते एवढे दचकले की अर्धं पाणी माझ्या केसांत. "तू तिथे काय करतेस?"

"तुम्ही इथे काय करताय?"

"कोणाला सांगू नको," ते खाली बसत कुजबुजले. "तुझी सासू मला झारीला हात लावू देत नाही. म्हणते, तुम्ही रोपं बुडवता. मागची रांग तिला दिसत नाही, तिचे गुडघे वाकत नाहीत. म्हणून मी ही सांभाळतो. रोज."

"पेल्याने?"

"मग काय टोपीने?"

"आणि चहा?"

"चहा आधी पितो," ते दुखावून म्हणाले.

मी उठले. डोक्यात काहीतरी हळूहळू सरकत होतं आणि ते सरकू नये असं मला मनापासून वाटत होतं. स्वयंपाकघरात जाऊन मी झारी उचलली आणि तोंडाशी नाक नेलं. पोहायच्या तलावाचा वास.

हलवली. पोटात डुचमळलं. पेलाभर.

तेवढ्यात आई आल्या. मी उगीचच विचारलं, "आई, सकाळी झारी भरताना तळाशी पाणी उरलेलं असतं, ते तुम्ही टाकता ना?"

"पाणी टाकायचं? माझ्या आईने असं शिकवलं नाही मला. त्यावरच भरते."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ताईंचे कोट्यवधी प्रवासी रोज सकाळी रुमाल घेऊन झारीत चढत होते आणि झारीतच संपत होते. ट्रेवर पडत होतं ते नुसतं मळीचं पाणी. आणि बंदोबस्त केला होता मी, एका टोपणाने. खरं सांगायचं तर दीड.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, अडकलेल्या माणसांशी शांतपणे बोलायची त्याला सवय आहे. सगळं ऐकून म्हणाला, "सांगून टाक."

"तू सांग ना. तुझी आई आहे."

"म्हणूनच नाही सांगत."

"मी सांगितलं तर आयुष्यभर ऐकावं लागेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

नाही सांगितलं तर ती बाटली कायमची राहणार होती, मधलं दार, तो वास आणि सुटणारी ठकी. आणि ताई यापुढे स्वतःच्याच पिंपाकडे संशयाने बघणार होत्या. वहीत मी त्या दिवशी ठकीचं काहीच लिहिलं नाही. पाचव्या रकान्यात नुसतं "झारी" असं लिहिलं आणि खोडलं.

सकाळी मी रोपवाटिकेत गेले तेव्हा आईंनी हातमोजे चढवले होते, तोंडाला फडकं बांधलं होतं. ताई पिंप तिरपं करून ओतायच्या बेतात होत्या. बाबा पेला घेऊन दारात.

"ताई, ओतू नका," मी म्हणाले. "त्यांना मी मारलं."

"कोणाला?" फडक्याआडून आई.

"जिवाणूंना."

मी एका दमात सगळं सांगितलं. ठकीचं चोखणं, टोपण, विसळू नये ही सूचना, तळातलं पाणी. सांगून झालं, तेवढ्यात पिंपात एक बुडबुडा फुटला.

आईंनी फडकं खाली ओढलं. "रोज?"

"रोज."

"किती टोपणं?"

"एक. म्हणजे दीड. एक दिवस दोन, झारीवर पाल बसली होती."

"आणि विसळत नव्हतीस."

"विसळू नये असं लिहिलंय, आई."

"माझ्या झारीला," आई सावकाश म्हणाल्या, "तू दुधाची बाटली समजलीस."

 एक चमत्कारिक आवाज आला. ताई पिंपाला मिठी मारून हसत होत्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "वहिनी! मी रात्रभर हिशोब पुन्हा मांडत होते गं! मला वाटलं मला कामच येत नाही!"

"पुरावा काय?" आई म्हणाल्या. "उद्या कोणीही म्हणेल, मी मारलं म्हणून."

"मागची रांग बघा."

"मला वाकता येत नाही."

"आज वाका, आई."

असं मी त्यांना यापूर्वी कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग एक हात मांडणीला, एक माझ्या खांद्याला असं करत, माझ्या खांद्याचं चिपाड होईल इतका भार देत त्या खाली बसल्या. कुंड्या सरकवल्या.  एका रोपाच्या मानेला त्यांनी बोट लावलं, आपण बाळाची हनुवटी बघतो तसं.

"यांना पाणी कोणी घातलं?"

 बाबांचा पेल्याचा हात हळूच पाठीमागे गेला, आणि तेवढं पुरे झालं.

"त्या पेल्याने?" आई म्हणाल्या. "ज्यात मी अकरा वर्षं चहा ओतताना डोळे मिटते, त्या पेल्याने?"

"तुझ्या झारीने चौदा ट्रे आडवे केले," बाबा म्हणाले. "माझ्या पेल्याने सहा उभे केले. आकडे बोलतात."

पुढचे तीन दिवस त्यांच्याशी बोलणं अशक्य होतं. ते घरात असे फिरत जणू शेतीचा शोध त्यांनीच लावला. पण फुकट काहीच मिळत नाही. आईंनी निकाल दिला तो असा. गिऱ्हाइकाकडून तीन आठवडे मागून घ्यायचे. चौदा ट्रे नव्या मातीत पुन्हा पेरायचे. झारी माळ्यावर. पाणी घालायचं फक्त त्या पेल्याने, आणि घालायचं सुनेने. आणि पेला यापुढे रोपवाटिकेचा. घरात येणार नाही.

"म्हणजे चहा?" बाबांचा आवाज चिरकला.

मी त्यांना नवा स्टीलचा पेला आणून दिला. ते त्यातून चहा पितात आणि प्रत्येक घोटाला पाहुण्याकडे आल्यासारखा चेहरा करतात.

"हातमोजे घालू का?" मी आईंना विचारलं होतं.

"घाल. हवं तर छत्री घे. पण पेला विसळायचा नाही."

चौदा ट्रे, ट्रेला दोन पेले, बारा दिवस. ताई रोज फोन करायच्या. "वहिनी, हात सुटला नाही ना पेल्यावर?" सुटायचा. तपकिरी थर बघून माझी बोटं शिवशिवायची. आठव्या दिवशी पहाटेच जाऊन मी प्रत्येक खळग्यात डोकावले. नवव्या दिवशी दोनदा. दहाव्या दिवशी आई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इतकं बघू नको. लाजतील."

तीन-चार रोपांनी मान टाकली, तेवढी टाकतातच. बाकीची उभी राहिली. गिऱ्हाईक आलं, ट्रे उचलून खालून मुळं बघितली, वरून पानं बघितली आणि काही खोड न काढता वीसही ट्रे गाडीत भरले. आईंच्या भाषेत याला कौतुक म्हणतात.

गाडी गेल्यावर आई फळीपाशी गेल्या, कवटीची बाटली बनियनमध्ये गुंडाळली आणि ताईंच्या हातात दिली. "तुमच्याकडे असल्या गोष्टींची विल्हेवाट लावतात ना? लाव. बनियन परत आण."

मला इतकं बरं वाटलं की मी ठकीला दारातच खाली सोडलं. सोडून लगेच उचललं, पण सोडलं होतं.

फळी मात्र रिकामी राहिली नाही. दुसऱ्या दिवशी मोरीपाशी माझी बाटल्या निर्जंतुक करायची बाटली सापडेना. शोधत रोपवाटिकेत गेले तर ती दारामागच्या फळीवर होती, उंच, धुतलेल्या बनियनखाली.

"आई, ही इथे?"

"घातक वस्तू पोरांच्या आणि सुनांच्या हाताला लागू नयेत," आई ट्रेवरून नजर न उचलता म्हणाल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मला टोपण मागून घ्यावं लागतं.

"कशाला हवंय?"

"ठकीच्या बाटलीला."

"दाखव बाटली."

मी दाखवते. त्या ती उजेडात धरतात, आतून बघतात, माझ्याकडे बघतात आणि मग एक टोपण मोजून ओततात. दीड मागायचं धाडस मला अजून झालेलं नाही.